उपाशीपोटीचा आकडा

रक्तातली साखर उपाशीपोटी १६८, जेवल्यावर दोन तासांनी २६२ आणि एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज, ८.४. रिपोर्टवर हे आकडे आले तेव्हा माझं वजन होतं ५४ किलो. शिक्षकांच्या आरोग्य तपासणीत रक्त दिलं होतं. घरी सगळ्यांचं एकच म्हणणं, रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा आला असेल. साखर जाड माणसाला होते, असा आमच्या अमळनेरकडे पक्का समज. दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. दोन-चार अंकांचा फरक, बाकी तेच.

डॉक्टरांनी कमरेला टेप लावला. ८६ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बाईची कमर ८० च्या वर गेली की सावध व्हायचं असतं, आणि हातपाय काडीसारखे असले तरी पोटात चरबी साठलेली असू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी यावर आयुष्यभर काम केलंय. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. हे मी पुढे वाचलं तेव्हा सासरच्या मंडळींना मुद्दाम वाचून दाखवलं. माझी साखर ही माझ्या ‘टेन्शन घेण्याच्या स्वभावा’मुळे नाही हे घरात एकदा स्पष्ट व्हायला हवं होतं.

आणि माझी आई. तिला पंधरा-सोळा वर्षं मधुमेह होता. बाजरी कापलेल्या वावरात तिच्या तळपायात धसकट घुसलं आणि तिला कळलंच नाही, पाय बधिर झालेले होते. रात्री पाय धुताना पाण्याला लाली आली तेव्हा दिसलं. त्याआधी वर्षभर तिने गोळ्या बंद करून एका माणसाकडून आणलेली पुडी सुरू केली होती, कडू, हिरवट, सकाळी कोमट पाण्यातून. पायाची दोन बोटं काढावी लागली. गोळ्या बंद करण्यामागेही कारण होतं. एकादशीचा उपास धरून तिने मधुमेहाची रोजची गोळी, ग्लिमेपिराइड, घेतली होती, आणि पहाटे घामाने लुगडं भिजलेलं, हात थरथरतायत, ती काहीबाही बोलतेय. साखर पार खाली गेली होती. वडिलांनी तोंडात गूळ घातला म्हणून निभावलं. त्या पहाटेनंतर आमच्या घरात ‘साखरेची गोळी’ या शब्दाचीच धास्ती बसली. माझ्याही मनात ती होती.

डॉक्टर म्हणाले, “ताई, ८.४ आहे, मी आजच मेटफॉर्मिन सुरू करीन.” मेटफॉर्मिन म्हणजे मधुमेहाची गोळीच. मी तीन महिने मागितले. त्यांनी विचार करून हो म्हटलं, पण अटी घातल्या. खूप तहान, वरचेवर लघवी, वजन झपाट्याने उतरणं, यातलं काहीही दिसलं तर तीन महिन्यांची वाट पाहायची नाही. डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा. किडनीसाठी लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन, शिवाय कोलेस्टेरॉल आत्ताच करायचं. आणि घरी ग्लुकोमीटर, म्हणजे बोट टोचून साखर मोजायचं यंत्र. “काय खायचं ते मी सांगतोच, पण तुमच्या ताटाचं मीटरला विचारा,” असं म्हणाले. एचबीएवनसी तीन महिन्यांनीच का, तर रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळातली साखर त्यांच्यावर चिकटलेली असते. मधल्या दिवसांत दिशा दाखवायला घरचं मीटर. त्यात आणि लॅबमध्ये दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतं, म्हणून एका आकड्यावर उडी मारायची नाही, दोन-तीन वेळा तेच दिसलं तर खरं मानायचं.

चहा सोपा गेला. शाळेत, घरी, कुणाकडे गेलं की, असे दिवसाला पाच-सहा कप व्हायचे आणि प्रत्येकात दोन चमचे साखर. पहिल्यांदा अर्धी केली, मग बंद. आठवडाभर तोंड वेडंवाकडं झालं, पुढे सवय झाली. यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

खरा प्रश्न भाकरीचा होता. खान्देशातल्या माणसाला भाकरी कमी कर म्हणणं म्हणजे जेवूच नको म्हणण्यासारखं. त्यातून सगळीकडे ऐकायला येतं की गहू सोडा, ज्वारी खा, ज्वारी साखरेला चालते. मी पोळी सोडली आणि आमच्या पद्धतीच्या दोन जाड भाकरी, वाटीभर पातळ वरण, थोडी भाजी असं जेवले. दोन तासांनी २१४. पुन्हा एकदा तसंच जेवून पाहिलं, पुन्हा दोनशेच्या वर. ज्वारीत तंतू असतात, ती चांगली, हे मान्य. पण एका मोठ्या भाकरीला ८०-९० ग्रॅम पीठ लागतं आणि त्यातलं बहुतेक पिष्टमयच. वरणही पातळ, म्हणजे डाळ चमचाभर आणि बाकी पाणी. ज्वारी चांगली आहे म्हणून दोनच्या तीन भाकरी खाणारे लोक मी आजूबाजूला पाहते तेव्हा मला राहवत नाही, मी सांगतेच.

मग मी कळण्याकडे वळले. आमच्याकडे ज्वारीत अख्खे काळे उडीद आणि मीठ घालून दळून आणतात, त्या पिठाला कळणा म्हणतात. साधारण चार भाग ज्वारीला एक भाग उडीद. मी उडीद वाढवत नेले आणि दोनास एक या प्रमाणावर थांबले. चक्कीवाला म्हणाला, “ताई, उडीद जास्त झाला, भाकर चिवट होईन.” झाली थोडी चिवट, पण उडदाच्या चिकटपणामुळे थापताना तुटत नाही आणि पातळ होते. एक कळण्याची भाकरी, ताटाचा अर्धा भाग गिलक्याची किंवा मेथीची भाजी, वाटीभर घट्ट डाळ, कच्चा कांदा, ताक. दोन तासांनी १४९. आधी भाजी आणि डाळ खाऊन भाकरी शेवटी खाल्ली तर आणखी थोडा कमी. जेवल्यावर पंधरा मिनिटं गच्चीवर चालले तर आणखी कमी, कारण चालताना मांड्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. हे मला कुणी नुसतं सांगितलं असतं तर मी मान डोलावून सोडून दिलं असतं. बोट टोचून दिसलं म्हणून टिकलं. मीटरच्या पट्ट्या महाग पडतात हे खरं. मी रोज टोचत बसले नाही. नवा पदार्थ असेल तेव्हाच त्याच्यासाठी एक पट्टी.

भरताने मला तारलं. हिवाळ्यात आमच्याकडची मोठी हिरवी वांगी निघतात. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगाच नाही. तुरीच्या काड्यांवर भाजून, साल काढून, लाकडी बडजीत हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर ठेचून, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. फक्त त्याच्यासोबत कळण्याच्या पुऱ्या येतात आणि तेल हात सैल सोडून पडतं. मी पुरीऐवजी अर्धी भाकरी घेते आणि भरीत दुप्पट. तेल घरी मोजून टाकते, शेतातल्या भरीत पार्टीत मात्र कुणाला बोलत नाही.

फुनके हा दुसरा आधार. तूरडाळ भिजवून जाडसर वाटायची, मिरची-लसूण-कोथिंबीर, बारीक चिरलेला कांदा किंवा मेथी, मुटके करून वाफवायचे आणि कढीत बुडवून खायचे. हे लहानपणी पाहुणे आले की व्हायचं. आता आठवड्यातून दोनदा रात्रीचं जेवण तेच असतं, भाकरीशिवाय, आणि पोट भरतं. बाहेरच्या डाएट चार्टमध्ये ओट्स, ब्रोकोली, किन्वा असतं. अमळनेरच्या मंडईत मला पोकळा, गवार, चवळीच्या शेंगा मिळतात आणि घरात डाळी आहेत. ज्या वहिनींनी मला तो चार्ट दिला त्यांनी प्रेमानेच दिला, पण आपल्या चुलीवर जे शिजतं त्याचीच पुनर्मांडणी केली तर माणूस वर्षभर टिकतो, असं माझं अनुभवाने ठाम मत झालंय.

सगळं जमलं असं मात्र नाही. वरण-बट्टी मला झेपत नाही. लग्नात, भंडाऱ्यात चार बट्ट्या तुपात चुरून खाल्ल्या की २६० च्या पुढे. एकच घेतली तर १८० च्या आसपास, पण पंगतीत वाढणारा एकावर थांबू देत नाही. उपासाचं तर विचारूच नका. साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ पिष्ट आणि वर बटाटा. भगरीनेही आकडा वर जातो. आमचं घर माळकरी, एकादशी सुटणार नाही. मी शेंगदाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक आणि राजगिऱ्याची छोटी भाकरी यावर आले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले. खापरावरच्या पुरणपोळ्या, सांजोऱ्या, परातभर आमरस. आमच्याकडे लेकीबाळी आखाजीला माहेरी येतात, झोके बांधतात, आणि आई नाही म्हणून भावजय आणखीनच आग्रह करते. मी आधीच ठरवून गेले होते. रस अर्धी वाटी, साखर न घातलेला, जेवणाच्या शेवटी, आणि पुरणपोळीचा चतकोर. मीटर १८८ म्हणालं. त्या एका दिवसाला मी ते चालवून घेतलं.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.१. वजन ५१. डॉक्टरांनी खुर्चीतून उठून शाबासकी दिली. आणखी तीन महिन्यांनी ६.९. त्यानंतर काटा तिथेच अडकला. पुढच्या तपासणीत ७.२.

आता यातली गोम अशी होती की जेवणानंतरचे आकडे छान येत होते. १४०, १५०. रात्री साडेसातला जेवून, चालून, झोपताना ११८. आणि सकाळी उठून, काही न खाता, पाण्याचा घोटही न घेता १४१. कधी १४६. मी हैराण झाले. रात्रीत खाल्लं काय? सासूबाईंना वाटलं मी इतकं कमी खाते म्हणून अंगावर आलंय. त्या रोज म्हणायच्या, “इतलीशी भाकर खास तू, आंगमा ताकद कशी ऱ्हाई वं?” मी रात्रीचं जेवण आणखी कमी करून पाहिलं, तर सकाळचा आकडा तसाच आणि पहाटे भुकेने जाग.

डॉक्टरांनी कागदावर यकृताचं चित्र काढून समजावलं. यकृत ही शरीराची कणगी. आपण जेवतो तेव्हा ती भरते, रात्री आपण उपाशी असतो तेव्हा ती थोडं थोडं धान्य सोडते, म्हणून मेंदू चालतो. किती सोडायचं ते इन्सुलिन ठरवतं. टाइप दोनच्या मधुमेहात यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, आणि रात्रभर, विशेषतः पहाटे, गरजेपेक्षा जास्त साखर रक्तात सोडत राहतं. म्हणजे सकाळचे १४१ हे माझ्या ताटातून आलेले नव्हते. “तुम्ही ताटाचं काम केलंय,” डॉक्टर म्हणाले. “राहिलंय ते यकृताचं. मेटफॉर्मिन तिथेच काम करतं.” वजन उतरल्याने यकृतातली चरबी कमी होऊन फायदा होतो, तो मला तीन किलोंनी झाला होता. पण माझे दंड बारीक झाले होते, खडू धरून फळ्यावर लिहिताना हात भरून यायचा. आणखी उतरवण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

यांनी, म्हणजे आमच्या घरच्यांनी, मधुमेहमुक्तीचं बरंच वाचलं होतं. वजन उतरवून गोळ्या सुटतात हे खोटं नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या अभ्यासात रोज सुमारे ८५० कॅलरींच्या आहारावर काही महिने ठेवलेल्या लोकांपैकी ४६ टक्क्यांची साखर वर्षाअखेरीस गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली होती. पण ते सगळे २७ च्या वर बीएमआय असलेले आणि निदान होऊन सहा वर्षांच्या आतले. वजन जास्त असलेल्या, नुकतंच निदान झालेल्या माणसाने त्या वाटेचा डॉक्टरांशी जरूर विचार करावा. माझा बीएमआय तेव्हा २१ होता. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दिवसाला दोनच जेवणांची पद्धतही आमच्या शाळेत दोघी-तिघी करतात, एकीचं वजन चांगलं उतरलं. ज्यांना आधीपासून ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन सुरू आहे त्यांनी मात्र हे स्वतःच्या मनाने करू नये. माझ्या आईची ती पहाट मी डोळ्यांनी पाहिली आहे.

तरी गोळीला हो म्हणायला मला वेळ लागला. आत्याबाई म्हणाल्या, “गोयी एक दाव लागनी का मंग जलमभर सुटत नही.” शाळेतले एक सर म्हणाले, किडनी जाते. मी प्रश्न वहीत लिहून नेले आणि डॉक्टरांनी एकेकाचं उत्तर दिलं, घाई न करता. त्यांचा मी मनापासून आदर करते तो यासाठी. किडनीला इजा करते ती वर्षानुवर्षं वाढलेली साखर. मेटफॉर्मिन किडनीवाटे बाहेर जातं, म्हणून किडनी आधीच कमजोर असेल तर डोस कमी करतात किंवा बंद ठेवतात. माझे क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन दोन्ही ठीक होतं. आणि आईसारखी साखर पडेल का, हा माझा खरा प्रश्न. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो नसो, म्हणून उपासात धोका. मेटफॉर्मिन तसं करत नाही. एकट्याने घेतलं तर साखर धोक्याइतकी खाली जाणं फार दुर्मीळ. दोन्हींना आपण सरसकट ‘साखरेची गोळी’ म्हणतो आणि एकीची भीती दुसरीला लावतो. आमच्या घरात तीच भीती इतकी वर्षं बसली होती आणि कुणीही आम्हाला हा फरक सांगितला नव्हता. आईला तर नाहीच नाही. तिला कुणी सांगितलं असतं की उपासाच्या दिवशी ती गोळी घेऊ नका, तर ती पुडीवाल्याकडे गेली नसती, असं मला आजही वाटतं.

आत्याबाईंना ‘इंग्रजी औषधा’ची अढी होती. त्यांना मी सांगितलं की या औषधाचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या एका रानटी वनस्पतीत आहे, त्यातल्या घटकांवरून ते सुचलं, आणि १९५७ साली फ्रान्समध्ये जॉं स्टर्न या डॉक्टरांनी ते मधुमेहाला पहिल्यांदा वापरल्याचं प्रसिद्ध केलं. इतकी वर्षं जगभर कोट्यवधी लोक घेतायत. पुडीत काय आहे हे पुडीवाला सांगत नाही. यात काय आहे, किती आहे, त्रास काय होतो, सगळं छापलेलं आहे. त्या म्हणाल्या, “घे मंग.”

रात्रीच्या जेवणाबरोबर ५०० मिलिग्रॅम, हळूहळू विरघळणारी, एसआर लिहिलेली. पहिले काही दिवस पोट ढवळायचं, दोनदा शाळेतून मधल्या सुट्टीत घरी यावं लागलं, तोंडाला धातूची चव. रिकाम्या पोटी न घेता जेवणाच्या मध्यावर घ्यायला लागले तसं निवळलं. तो त्रास झाला म्हणून गोळी सोडून देणारे बरेच असतात. डॉक्टरांना सांगून डोस हळू वाढवला तर बहुतेकांचा कमी होतो. पुढे ती १००० वर गेली. सुरू करण्याआधी बी-१२ जीवनसत्त्व तपासलं होतं, ते शाकाहारामुळे आधीच कमी निघालं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं तर बी-१२ आणखी घटू शकतं आणि पायाला मुंग्या येतात, ज्या मधुमेहाच्याच समजल्या जातात. म्हणून त्याची वेगळी गोळी आणि वर्षातून एकदा तपासणी. जनऔषधी केंद्रात मेटफॉर्मिनची पट्टी अगदी स्वस्तात मिळते, त्यामुळे खर्चाचं ओझं नाही.

सकाळचा आकडा एका रात्रीत उतरला नाही. १४१ चे १३० झाले, मग १२२, आणि आता १०८ ते ११५ च्या दरम्यान असतो. एचबीएवनसी ६.४. झोपण्याआधी भूक लागली तर मूठभर शेंगदाणे खाते, धास्ती न बाळगता. वजन ५३ वर परत आलंय, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलून दंडाचा व्यायाम करते, कारण स्नायू वाढले की साखर वापरायला जागा वाढते. कळण्याची भाकरी, फुनके, जेवणानंतरचं चालणं, काहीही सुटलेलं नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की गोळी आली म्हणून बट्टी परत आणायची नाही.

पायांकडे मी रोज बघते. रात्री पाय धुतल्यावर आरसा जमिनीवर ठेवून तळवे पाहायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, वावरात चप्पल न घालता जायचं नाही. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, वर्षातून एकदा लघवीतलं प्रथिन.

या वर्षी आखाजीला भावाला बळेच लॅबमध्ये नेलं. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान, अंगाने सडपातळ, केळीच्या बागेत दिवसभर राबणारा, म्हणून त्याला वाटायचं आपल्याला कुठून होणार. एचबीएवनसी ६.१ आली, म्हणजे अजून मधुमेह नाही पण उंबऱ्यावर. त्याच्या चहातली साखर भावजयीने दुसऱ्या दिवशीच अर्धी केली, आणि माझ्या चक्कीवाल्याचं उडदाचं प्रमाण मी तिला फोनवर कळवलं. दिवाळीआधी त्याची पुन्हा तपासणी आहे.